आरोग्याच्या जोपासनेसाठी

पहिल्यांदा आला तो मान वाकवून.
आमच्या जाळीच्या खिडकीशी बोलायचं तर
सहा फूट चार इंचांना नमस्कारच घालावा लागतो.
मेहेर वाइन्स, खार, स्टेशनची बाजू.
मी पाच रुपयांची पावती फाडली, एक दिवसाचा परवाना.
काय लिहिलंय, त्यानं विचारलं.
सरकारी आवाज काढून वाचलं:
सदर इसमास आरोग्याच्या रक्षणासाठी व जोपासनेसाठी
विदेशी मद्य बाळगण्याची आणि प्राशन करण्याची मुभा.
तो गंभीर झाला.
म्हणाला, मला आजार कुठला आहे?

नाव तापियो. गाव फिनलंडात.
मेट्रोच्या बोगद्यात, जमिनीखाली बावीस मीटर,
खडक रोज किती सरकतो ते मोजायचा.
शेठ त्याला तापीकाका म्हणत.
मी मधुसूदन; सूदन त्याच्या जिभेला झेपेना,
मधू उरला.
मधू म्हणजे दारूसुद्धा, हे अजून सांगितलेलं नाही.

बाटलीवर ठसठशीत विदेशी मद्य,
खाली मुंगीच्या अक्षरात जिल्हा नाशिक.
बोट ठेवून म्हणाला, हे विदेशी, तर मग मी कोण?
शेठ नोटा मोजता मोजता म्हणाले,
तू इंपोर्टेड. ड्यूटी भरलेला.

आम्ही बाटली पेपरात गुंडाळतो,
कुणाला दिसू नये म्हणून,
आणि त्या आकारावरून सगळ्यांना कळतंच.
तो घरी जाऊन पेपर सोडवायचा, इस्त्री केल्यासारखा पसरायचा,
आणि त्यावर मराठी शिकायचा.
माझ्या हाताला लागायचं ते नेमकं निधनवार्तांचं पान.
सहा महिन्यांनी विचारतो,
तुमच्यात इतक्या लोकांचं नाव कै का असतं?
कै. सुमती, कै. भालचंद्र, कै. गंगूबाई.
लाइनीतले सगळे हसले.
मी सांगितलं, तेव्हा तोही. उशिरा.

मग मतमोजणीचा दिवस. ड्राय डे.
शटर अर्धं खाली, आत मी एकटा, क्वार्टरचे खोके मोजत.
पत्र्यावर टकटक. वाकून आत शिरला.
मी हात जोडले, आज नाही रे बाबा,
मागच्या गल्लीत पानवाला दीडपटीनं देतो, माझं नाव सांगू नकोस.
मान हलवली त्यानं. म्हणाला, आई. काल.
आमच्याकडे पुरायला तीन आठवडे लागतात.
तिकीट तेव्हाचं काढलंय.
तोवर काय करतात?
तुमच्या कागदात दहावा असतो, बारावा असतो.

मी फ्रीजमधून सोडा काढला. सोडा चालतो.
तो प्यायला नाही.
बाटली नको, म्हणाला. कागद.
गठ्ठ्यातलं एक पान घेतलं,
जाहिरातीतल्या मोकळ्या चौकोनात
बॉलपेननं लिहायला बसलो. नाव?
ऐला.
मी दोनदा विचारलं.
ए काढला, वर मात्रा दिली, सावकाश,
चुकूनही आय व्हायला नको होतं ते.
कै. ऐला. वय एक्क्याऐंशी. शोकाकुल: तापियो.
उत्तरकार्य, आणि पुढे जागा सोडली.
त्या शब्दावर त्याचं बोट आलं.
उत्तर म्हणजे नॉर्थ ना? नकाशात असतं आमच्या.
हो, म्हटलं. नंतरचं, असंही. जवाब, असंही.
तो म्हणाला, नॉर्थच. पूर्ण नॉर्थ आहे ते.

पान चार घड्या करून त्यानं खिशात ठेवलं.
सवयीनं विचारलं, किती झाले?
रस्त्यावर कोणीतरी निवडून आलं होतं,
फटाक्यांची माळ संपेचना.
तो निघाला, वाकला,
पण शटरइतकं काही वाकला नाही.
धाडकन कपाळ आपटलं,
आणि बोगद्यातल्या मुकादमांकडून सहा वर्षांत शिकलेलं
आपोआप तोंडातून निघालं:
आयला.

मग तिथंच उभा राहिला,
कपाळावर हात, बराच वेळ.